वय उतरवायचं बंदर

जहाज बंदराला लागलं नाही. बंदरच सकाळी सरपटत आलं आणि जहाजाला लागलं. मशिदींचे मिनार, देवळांची गोपुरं, चर्चच्या घंटा, मालाच्या वखारी, धुणी वाळत घातलेल्या गॅलऱ्या, सगळं पाण्यावरून अंगावर आल्यासारखं आलं आणि हातभर अंतर ठेवून थांबलं. खालच्या माणसांनी दोर फेकले, वरच्या खलाशांनी बांधले. आचऱ्याची मथुराकाकी कठड्याला धरून बघत होती. तिला नवल वाटलं नाही. उभा जन्म ती या शहराकडे डोळे लावून बसली होती. शहराला थोडी तरी लाज असेल तर दोन पावलं त्यानं पुढं यायलाच हवं होतं.

नातवानं हौसेनं जहाजाच्या सहलीचं तिकीट काढलं तेव्हा घरच्यांना वाटलं, म्हातारी नको म्हणेल. तिनं एवढंच विचारलं की जहाज कुठं कुठं थांबतं. त्यात या बंदराचं नाव आलं आणि तिनं पातळांच्या घड्या घालायला घेतल्या. तिचा नवरा बोटीवर भटारखान्यात होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तिच्या मांडीवर तान्हा मुलगा असताना, तो याच बंदरात बोटीवरून खाली उतरला आणि परत चढला नाही. मेला असं कुणी सांगितलं नाही, म्हणून काकीनं कुंकू पुसलं नाही. वाडीतल्या बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा तिनं विहिरीवर सगळ्यांच्या देखत सुनावलं, की ज्यांचे नवरे रोज घरी येतात त्यांची तोंडं बघून आपलं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

शहराच्या दारात टेबल मांडून एक कारकून बसला होता. देवळाबाहेर वहाणा काढाव्यात तशी माणसं तिथं आपापली वयं उतरवून ठेवत होती. जहाजावर दिवसभर गुडघे चोळत बसणारे नागपूरचे डोईफोडे इंजिनिअर, त्यांनी आपलं वय शालीसारखं घडी करून फळीवर ठेवलं, बिल्ला खिशात टाकला आणि शीळ घालत आत गेले. त्यांच्या बायकोनं वय उतरवल्यावर तिची वेणी पाठीवर सुटली ती थेट कमरेपर्यंत.

कारकुनानं काकीपुढं हात केला. काकीनं पदर खोचला. हे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत, असं तिनं त्याला ऐकवलं. पोर वाढवलं, सासऱ्याचं दुखणं काढलं, भाऊबंदांच्या तोंडातून माड सोडवले, तेव्हा हे वय अंगाला लागलं. ते तुझ्या फळीवर टाकून मी उंडारायला जाऊ?

"आत कुणाचं वय वाढत नाही, बाई," कारकून म्हणाला. "ज्यांना भेटायला आलात ते तुम्हाला ओळखायचे नाहीत. आणि दिवस कलला की शहर सुटतं."

"माझा माणूस मला पाठमोरी ओळखायचा," काकी म्हणाली, आणि आहे त्या वयासकट आत शिरली.

शहर सगळ्या जगाचं होतं. अरब कॉफी कुटत होते, चिनी शिंपी उभ्या उभ्या पाटलोणी शिवून देत होते, तमिळ बायका गजरे करत होत्या, उंच हबशी हमाल डोक्यावर अख्खी कपाटं घेऊन चालले होते. जो तो आपापल्या भाषेत बोलत होता आणि काकीला सगळं कळत होतं. बाजारात उभ्या राहिलेल्या बाईला काय कळत नाही? तिनं विचारलं, आमचे हे कुठं राहतात. गजरेवालीनं नाव विचारलं. काकीनं पदराचं टोक दातांत धरलं. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यातून घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर शिधापत्रिकेवाल्यानं विचारलं तरी तिनं शेजारणीकडून वदवलं होतं. तिनं घेतलं नाही ते आपणही इथं घेऊ नये.

गजरेवालीला ते लगेच समजलं. तिनं बोट दाखवलं. बायका ज्यांची नावं घेत नाहीत असे पुरुष त्या शहरात वेगळ्या गल्लीत ठेवले होते. गुजराती होते, मलबारी होते, जपानी होते. सगळे उंबऱ्यावर बसून होते आणि कुणाच्याही पावलांचा आवाज आला की उठून उभे राहत होते. काकी जाताना एकेक जण उठला आणि एकेक जण खाली बसला.

गल्लीच्या टोकाला तो आडाळ्यावर बसून नारळ खवत होता. तिशीही न गाठलेला, कानामागे विडी, डोक्यावर दोन भोवरे. वाटी फिरवायची तीच लकब. काकी त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं, चटकन उठला आणि बसायला पाट दिला.

"बस गो आये," तो म्हणाला.

काकी बसली. मग आठवण होऊन उठली आणि पाठ करून उभी राहिली. त्याला वाटलं म्हातारीच्या पाठीत कळ आली. त्यानं भिंतीला टेकायला उशी आणून दिली.

त्यानं आपण होऊनच सांगितलं, की तो सकाळी बोटीवरून फक्त नारळ घ्यायला उतरलाय. कप्तानाला आज बांगड्याचं तिखलं हवं होतं आणि बोटीवरचे नारळ खवट निघाले. आता खवून झालं की चाललाच. काकी ऐकत राहिली. इतकी वर्षं ती ज्याच्या नावानं बोटं मोडत होती, त्याची अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

मग तो बायकोबद्दल बोलायला लागला. घरी असताना त्यानं बायकोला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या काळी कुणीच म्हणत नसे. इथं तो परक्या म्हातारीला सांगत होता, की ती भांडायला लागली की चार घरांपलीकडची कोंबडी गप होते.

"तिच्या तोंडाक कोणी लागूचा नाय," तो म्हणाला. "पण ती गप रवली काय माका जेवण जाणा नाय."

काकीनं डोळ्याला पदर लावला. कांदा नव्हता तरी कांद्याला नावं ठेवली.

"मीच मथुरा," ती म्हणाली.

तो हसला. बायकोचं नावही मथुराच, असं म्हणाला. आचऱ्यात मथुरा काय थोड्या आहेत?

"पण तू कोणाची मथुरा, आये?"

त्याचं नाव तिच्या दातांपर्यंत आलं. तिथं जरा थांबलं आणि मागं फिरलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं, तर नुसता खोकला आला. त्यानं तिला पाणी दिलं.

काकीच्या मनात आलं, उठावं, दारापर्यंत जावं, हे वय त्या मेल्या कारकुनाच्या फळीवर आपटावं आणि वेणी सोडून परत यावं. ती गल्लीच्या तोंडाकडे वळली. दिवस कलला होता. हमाल रस्ते गुंडाळत होते. गजरेवालीचं दुकान वळकटीत गेलं होतं, कॉफीचा बाजार काखोटीला मारला होता, आणि दार, टेबल, कारकून यांच्या जागी नुसतं पाणी हलत होतं. मागची घरं एकेक पाऊल पुढं सरकली. उंबऱ्यावरचे पुरुष पाय पोटाशी घेऊन बसले. गल्ली आता माजघराएवढी राहिली होती.

त्यानं खवलेलं खोबरं फडक्यात बांधलं, पंचा खांद्यावर टाकला आणि निघताना, वडीलधारं माणूस भेटलंय म्हणून, तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

काकीनं पाय मागं घेतले. नवऱ्यानं बायकोच्या पाया पडायचं म्हणजे सात जन्मांचं पाप. पण मागं भिंत होती. त्याचं कपाळ तिच्या पावलांवर टेकलं. ऊन ऊन होतं.

त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि औक्षवंत हो म्हणायचं. आशीर्वाद मिळाल्याशिवाय वाकलेलं माणूस उठत नाही. आणि तो उठला की चालायला लागणार, ज्या धक्क्यावर त्याची बोट नाही त्या धक्क्याकडे, आणि त्याच्यामागून शहर सुटणार. काकीनं हात उचलला. तो त्या दोन भोवऱ्यांवर बोटभर अंतर ठेवून तसाच धरला.

गल्ली तिच्या दोन्ही खांद्यांना लागली. दोर ताणले गेले. खिडक्या-खिडक्यांतून माणसं वाट बघत राहिली, हमाल गुंडाळलेले रस्ते डोक्यावर घेऊन खोळंबले. कुणीतरी आपल्या भाषेत म्हणालं, बाई, आटपा.

"माका उठूक दी, आये," तिच्या पायांजवळून आवाज आला. "उशीर झालो. ती वाट बघीत आसतली."

"बघू दे," मथुराकाकी म्हणाली.

शहरानं हिसका दिला. पहिला दोर तुटला. तिनं हात हलवला नाही.