तीन दिवस न धुतलेलं घमेलं

माझ्या बुडाला तीन पोचे आहेत, कडा एका बाजूने वाकलीय आणि अंगावर जुन्या सिमेंटचे डाग आहेत. तरी मित्रांनो, माझ्याकडे जरा आदराने बघा. अबू धाबीतल्या अल ऐनच्या एका शाळेत मातीची खोली उभी राहणार आहे, आणि तिचं नशीब माझ्या पोटात ठरलंय!

दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पत्र्याची चकती दाबली, कडा वळवली आणि मी तयार झालो. तुकारामकाका या साताऱ्याकडच्या गवंड्याने मला उचललं ते बारा वर्षं सोडलं नाही. त्यांची शिस्त कडक. कालवलेलं सिमेंट तासाभरात संपवायचं, उरलेलं फेकायचं, घमेलं धुतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. "घमेलं बघावं तर तुकारामचं," असं सगळे म्हणत. मग रबराची घमेली आली आणि मी दोन वर्षं स्टोअरमागे उपडा पडून राहिलो.

मला बाहेर काढलं इनायाने. नववीतली पोर, घरचे मूळचे रत्नागिरीचे. शाळेला वाचनखोली हवी होती, तर हिने थेट आराखडाच काढला. खाली दगडी जोतं, त्यावर गव्हाच्या पेंढ्याचे दाबलेले गठ्ठे विटांसारखे रचायचे, दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा, वर रुंद छप्पर. बांधकाम तिच्या खैरुद्दीन मामांकडे होतं; तुकारामकाकांचे मालकही तेच. ते म्हणाले, "बेटा, ड्रॉइंग मस्त आहे. पण पुढच्या गुरुवारपर्यंत एका गठ्ठ्यावर तरी गिलावा न तडकता टिकव. नाहीतर खलास, मी सिमेंटचे ब्लॉक मागवतो."

तुकारामकाका रोज सकाळी माझ्यात माती, वाळू, चिरलेला पेंढा कालवत, लगेच गठ्ठ्यावर लिंपत आणि उरलेलं ओतून मला लख्ख धुवत. संध्याकाळी बघावं तर तडे.

"काका, दिस इज द फिफ्थ वन," इनाया म्हणाली.

"मोजू नको गं. वीस वीस मजले चढवलेत मी, आणि ही माती माझं नाक कापतेय."

शुक्रवारी मी भरलेलाच होतो, तेवढ्यात मामांची हाक आली. "तुकाराम, यल्ला, चल लवकर, रुवैसला दोन दिवसांचं काम निघालंय." काका गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी न धुता राहिलो आणि शरमेने अर्धा झालो. चिखल वाळू नये म्हणून इनायाने माझ्यावर ओलं गोणपाट टाकलं. घर शाळेसमोरच, म्हणून शनिवारी-रविवारीही येऊन पाणी मारून गेली.

सोमवारी काकांनी गोणपाट उचललं आणि नाक धरलं. "काय हा वास. दे इकडे, ओततो."

"नो, वेट. आधी हात लावून बघा."

काकांनी चिमूट घेतली. चिखल लोण्यासारखा मऊ, पण ताणला तरी तुटेना. पेंढा मातीत पार मुरलेला. काकांनी ती बोटांत पुन्हा चोळली. "गावी आई घर लिंपायला असाच मातीचा गारा आठ आठ दिवस कुजत घालायची गं. सिमेंटच्या घाईत विसरूनच गेलो मी."

"म्हणजे आपण रोज कच्चा भात वाढत होतो?"

"आणि वर पातेलं घासत होतो."

दोघं पोट धरून हसली. सहावा नमुना लिंपला, ओल्या गोणपाटाआड सावकाश वाळवला. गुरुवारी मामांनी अंगठा दाबला, नखाने खरवडलं, वर पाण्याचा पाइपही धरला. एक तडा नाही! मामांनी फोन काढला. "हबीबी, ब्लॉकची ऑर्डर कॅन्सल." इनायाने अशी उडी मारली की चप्पल एकीकडे आणि ती दुसरीकडे. काकांनी तर मला जिंकलेल्या ढालीसारखं डोक्यावर धरलं.

आता आवारात चार खड्ड्यांत गारा मुरतोय, गठ्ठे ताडपत्रीखाली कोरडे ठेवलेत आणि सोमवारी पाया खणायचा आहे. मित्रांनो, या ओल्या कामात मला गंज लवकर धरेल. म्हणून मागणं एवढंच: ज्या दिवशी मी रिकामा असेन त्या दिवशी मला धुवा, पुसा, थोडं तेल चोळा. चार भिंतींचा गारा अजून मलाच वाहायचा आहे.