सुभेदारचे मागचे पाय

अण्णा सुभेदारला टॉवेलात गुंडाळून थेट माझ्या दवाखान्यात आले. सुभेदार म्हणजे माझ्या वडिलांचा कुत्रा. लांबलचक अंग, वीतभर पाय आणि तोरा असा, की सगळी गल्ली याच्या बापाची. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. अण्णा त्याच्याशी भांडतात, रुसतात, आणि माझा फोन आला की "थांब, सुभेदार जेवतोय" म्हणून ठेवून देतात.

"काल सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा भाग ओढत चालायला लागला," अण्णा म्हणाले. "मी शेकलं. जरा बरा वाटला. तू उगीच ओरडू नकोस."

मी ओरडलेच. "तुमची पोटची पोर कुत्र्यामांजरांच्या मणक्यांची डॉक्टर आहे, आणि तुम्ही शेकत बसलात?"

"कामात तुला कशाला त्रास, म्हटलं."

सुभेदारला टेबलावर घेतलं. पुढचे पाय ठणठणीत. मागचा पंजा उलटा टेकवला, तर तसाच राहिला. सरळ करायचं भानच नाही. दुसऱ्याचंही तेच. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता, हे स्कॅनच्या आधीच कळत होतं. ऑपरेशन तर करायचंच होतं. प्रश्न एकच होता: मागच्या पायांना खोलवरचं दुखणं कळतंय का? कळत असेल, तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. नसेल, तर छापा-काटा.

ते बघायची रीत रांगडी आहे. बोटाचं हाड चिमट्यात धरायचं आणि दाबायचं. मी दाबलं. पाय झटकन मागे गेला.

"बघ, ओढला की नाही!" अण्णांचा चेहरा उजळला.

आता आली का पंचाईत! पाय ओढण्याचं काम मज्जारज्जूचा खालचा भाग परस्पर करून टाकतो, मेंदूला पत्ता नसला तरी. "पायाकडे नाही, तोंडाकडे बघा," हे मी विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगते की ते माझी नक्कल करतात. आणि सुभेदार निवांत अण्णांच्या शर्टाचं बटण चाटत होता. मी दुसरा पाय दाबला. तेच. म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत पोहोचतच नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही, अण्णा."

"काही नाही म्हणजे चांगलं की वाईट?"

मी पहिला पाय पुन्हा चिमट्यात धरला.

दारात आमची दुसरी सर्जन उभी होती. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून दवाखान्यात तिला हेडबाई म्हणतात. ती पुढे आली, माझा हात बघितला आणि म्हणाली, "चिमटा लावतेयस की लाड करतेयस? हाडापर्यंत गेलेलंच नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं, तर सोलून काढलं असतंस त्याला."

मला राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला. अण्णांच्या कुत्र्याला मी दुखवायला घाबरत होते, दुसरं काय! "मग तूच कर," मी म्हणाले. "तोंड मी धरते."

"मुसकं बांध."

"घरचाच आहे."

हेडबाईने चिमटा दाबला. सुभेदार असा किंचाळला की बाहेरची मांजरं गप्प झाली, आणि त्याने वळून माझ्या उजव्या हाताचा कडकडून चावा घेतला.

"अरे देवा, रक्त!" अण्णा धावले. "कधी चावत नाही गं तो कुणाला!"

"चावला, अण्णा! चावला!" मी वेड्यासारखी हसत होते आणि रडतही होते. दुखणं मेंदूपर्यंत पोहोचत होतं.

पण त्या हाताने ऑपरेशन कसलं करतेय! टाके पडताना मी अण्णांना सांगितलं, पाय नाही, तोंड बघायचं; दुखलं तर चांगलं. मग पट्टी बांधली. स्कॅन झालं आणि हेडबाई सुभेदारला घेऊन आत गेली. मी अण्णांशेजारी बाकावर, जिथे मी कधीच बसत नाही.

"तू आत असतीस, तर मला काळजी नव्हती," अण्णा म्हणाले. मग, "सोफा काढूनच टाकतो." आणि मग, "इथे बसणाऱ्यांना तू काय सांगतेस?"

"काळजी करू नका, असं सांगते."

"मग सांग की."

ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूला जरासा धक्का लागला, तर आहे तेवढी जाणीवही जाऊ शकते, हे मला माहीत होतं. अण्णांना नव्हतं. मी डाव्या हाताने त्यांचा हात धरून ठेवला.

हेडबाई बाहेर आली. "सरकलेल्या गादीचा कचरा सगळा काढला. सूज बरीच आहे. शुद्धीवर येऊ दे, मग बघू."

सुभेदारने डोळे किलकिले केले. हेडबाईने चिमटा लावला. पाय हलला. पायाकडे कुणीच बघत नव्हतं. आता अण्णासुद्धा तोंडाकडेच बघत होते. तोंडावर काही नाही. तिने आणखी दाबलं. सुभेदारने जड झालेलं डोकं मागे वळवलं आणि बारीक आवाजात कण्हला.

नखं कापताना सुभेदार कुरकुरला तरी अण्णा घर डोक्यावर घेतात. तेच अण्णा आता टेबलाची कड धरून म्हणाले, "डॉक्टर, अजून एकदा दाबा."

"अण्णा, दुखतंय त्याला!"

"दुखतंय ना?" त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "दुखतंय ना गं? अजून एकदा."