करंदीकरांचा मुक्काम

विनय करंदीकरने आयुष्यात दोन गोष्टींचा फार बोभाटा केला होता. एक, कॉलेजात असताना आपण सह्याद्रीतले सगळे किल्ले पालथे घातले. आणि दुसरी, आपलं कुणावाचून अडत नाही. पहिलीतले 'सगळे' म्हणजे सिंहगड, पुरंदर आणि अर्धा राजगड. दुसरीची परीक्षा व्हायची वेळ इराकने कुवेत गिळल्यावर आली.

तो दम्मामला एका बँकेत होता. दिवाळीनंतर आजूबाजूची भारतीय बिऱ्हाडं भराभर मुंबईकडे निघाली. जानेवारीत लढाई पेटणार असं जो तो म्हणत होता, आणि नकाशावर दम्माम कुवेतच्या फारच जवळ होतं. विनयला मात्र हलता येत नव्हतं. त्याचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे त्याला तिथे ठेवून घेणाऱ्या हमीदार मालकाच्या, कपाटात, आणि आता गेलात तर परत यायची तसदी घेऊ नका, असं साहेबाने गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. म्हणून त्याने बायको मंजिरी आणि मुलगी स्मृती यांची मुंबईची तिकिटं काढली; जवळच्या विमानतळावरून जागा मिळेना, म्हणून थेट पश्चिम किनाऱ्यावरच्या जेद्दाहून.

मंजिरी जायलाच तयार नव्हती. "तुम्हाला साधा कुकर लावता येत नाही," ती म्हणाली. "बाहेरून काही येऊन पडायच्या आत तुम्ही घरातच काहीतरी पेटवून घ्याल."

"अगं, मी किल्ल्यांवर राहिलोय."

"मग दाखवा राहून. नाहीतरी जेद्दापर्यंत गाडीनेच जायचंय. वाटेत एक मुक्काम तुम्ही एकट्याने करा. जागा तुम्ही शोधायची, तंबू तुम्ही ठोकायचा, रांधायचं तुम्ही. जमलं तर मी मुकाट्याने विमानात बसते. नाही जमलं तर आम्ही दोघी तुमच्याबरोबर दम्मामला परत."

विनय हसला. एवढ्या स्वस्तात ती ऐकेल असं त्याला वाटलं नव्हतं. डिसेंबरच्या सुट्टीत उसना आणलेला तंबू टपावर बांधून तो निघाला, तेव्हा आपण जिंकल्यातच जमा आहोत अशी त्याची खात्री होती.

पहिल्या दिवशी हुफूफजवळच्या सरकारी बागेच्या फाटकाला साखळी होती. आत झाडांखाली लष्कराचे ट्रक उभे होते. पहाऱ्यावरच्या शिपायाने हाताने 'पुढे' अशी खूण केली. पुढच्या बागेवरही 'बंद'ची पाटी. बोर्ड वाचावा, फाटकाशी जावं, कुणाला तरी विचारावं, नकार घ्यावा आणि गाडीत येऊन बसावं, असं विनयने संध्याकाळपर्यंत केलं. रात्री तिघं पेट्रोल पंपामागे गाडीतच आखडून झोपली.

दुसऱ्या दिवशी रियाधमध्ये तीच कथा. हॉटेलं कुवेतहून आलेल्या कुटुंबांनी आणि परदेशी पत्रकारांनी भरलेली, बागांना कुलुपं. ही बाग नक्की उघडी असणार, असं तो दर वेळी छातीठोकपणे सांगायचा आणि दर वेळी तोंडावर आपटायचा. मंजिरीचा चेहरा मात्र खुलत चालला होता. ती चक्क गुणगुणत होती.

रियाध मागे पडल्यावर, ऊन कलताना, विनयला हवी तशी जागा दिसली. सपाट, स्वच्छ, रस्त्यापासून आत, आणि ओळीने ठेवल्यासारखे दगड. तंबूच्या दोऱ्यांना वजन म्हणून अगदी आयते.

"याला म्हणतात नजर," तो म्हणाला आणि दोन दगड उचलून कामालाही लागला.

तंबू अर्धा उभा राहतोय तोच एक म्हातारा अरब पिकअप थांबवून उतरला. सलाम केला. मग तळहात गालाशी नेऊन डोळे मिटले आणि जमिनीकडे बोट दाखवलं. विनयला भरून आलं. किती अगत्याने विचारतोय, इथे झोपणार का म्हणून! त्यानेही तळहात गालाशी नेला, डोळे मिटले, आधी स्वतःकडे बोट केलं, मग बायकोकडे, मग मुलीकडे, आणि शेवटी जमिनीकडे. आम्ही तिघंही.

म्हाताऱ्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचा चेहरा फार दुःखी झाला.

"बाबा," गाडीच्या काचेतून स्मृती म्हणाली, "आय थिंक ये कब्रस्तान है."

विनयने कानाच्या पाळ्या धरल्या, दगड होते तिथे परत ठेवले, पुन्हा कान धरले. म्हातारा रागावला नाही. त्याने तंबूची घडी घालायला हात लावला आणि जाताना स्मृतीच्या हातात मूठभर खजूर ठेवले. मंजिरी गाडीत डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. ती रात्रही गाडीतच गेली.

तिसरा दिवस शेवटचा. संध्याकाळी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी ताइफचा घाट उतरून जेद्दाच. समोरून लष्करी ट्रकांच्या रांगा पूर्वेकडे, म्हणजे त्यांच्या घराच्या दिशेने, चालल्या होत्या. ट्रेलरवर चढवलेले रणगाडे बघून स्मृतीने मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने आपणहून सोडून दिली. मंजिरीचं गुणगुणणं थांबलं. इतके दिवस ही आपल्या फुशारकीची गंमत होती. आता काही झालं तरी या दोघींना त्या बाजूला परत न्यायचं नव्हतं.

आणि गाडी चालवता चालवता त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढं अफाट वाळवंट पसरलंय आणि आपण तीन दिवस फाटक शोधतोय. उघड्यावर राहायचं, पण आधी कुणीतरी राहा म्हणायला हवं. किल्ल्यांवरही आपण देवळाच्या पुजाऱ्याला विचारल्याशिवाय कधी पथारी टाकली नव्हती, आणि पुजारी गावाला गेला होता म्हणून तर राजगड अर्धा राहिला होता.

त्याने गाडी रस्त्यावरून खाली घातली. पाटी नाही, साखळी नाही. काळ्या खडकांची एक रांग, वारा अडेल एवढी उंच. पायथ्याशी दोन बाभळी. या वेळी त्याने जमीन आधी पायाखाली घालून पाहिली, कुठे दगडांची ओळ नाही ना ते. खुंट्या वाळूत ठरेनात, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या वाळूने भरून, दोऱ्या बांधून पुरल्या. तंबू डुगडुगला आणि उभा राहिला. स्टोव्ह पेटला. कांदा चिरला, बोट चिरलं नाही. कबूल केल्याप्रमाणे मंजिरी गाडीतून उतरली नाही. काचेतून बघत राहिली.

खिचडी झाल्यावर विनयने ओरडून दोघींना बोलावलं. त्याला कोण आनंद झाला होता. तंबूभोवती एक चक्कर मारून त्याने दोऱ्या ताणून दाखवल्या, वाळूच्या पिशव्यांची युक्ती दोनदा समजावली, आणि पश्चिमेला सूर्य टेकत होता तोही आपणच मागवल्यासारखा दाखवला. स्मृतीने दोनदा वाढून घेतलं. मंजिरी एकेक घास सावकाश खात होती. विनय तिच्या तोंडाकडे बघत कौतुकाची वाट पाहत होता.

"विमान किती वाजता आहे परवा?" तिने विचारलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो जिंकला होता. परवानंतर दम्मामच्या घरात तो आणि त्याचा कुकर. तीन दिवस धडपडून, कष्टाने, त्याने हे मिळवलं होतं. त्याला हे नको होतं, आणि दुसरं काही चालणारही नव्हतं.

"दुपारी," तो म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय, नाही?"

मंजिरीने आणखी एक घास खाल्ला.

"तंबूही कलल्यासारखा वाटतोय एका बाजूला."

तिने मान वळवून तंबू नीट पाहिला. तिचे डोळे भरले होते.

"नाही हो," ती म्हणाली. "सगळं व्यवस्थित जमलंय तुम्हाला."