कारणाचा रकाना

“‘घरगुती कारण’ लिहा आणि मोकळे व्हा, भाऊसाहेब. पंचवीस वर्षं झाली, अजून रकाना भरायला शिकवायचं का तुम्हाला?”

मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बोट आपटले. शाळेचे लेखनिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पेनाचे टोपण काढून तसेच बसून राहिले. टेबलापलीकडे नववीतली मुलगी उभी होती. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शेजारी तिचे वडील, पंपदुरुस्तीच्या कामावरून तसेच आलेले, नखांत ग्रीस.

दहावीतल्या एका मुलाला तिने सांगितले होते, आता तुझ्याशी बोलणार नाही. त्याने तिचा हात प्रयोगशाळेच्या चौकटीवर दाबून धरला आणि दार लावले. नव्या कॅमेऱ्यात सगळे लख्ख दिसले. थांबले मात्र काहीच नाही. मुलगा आजही वर्गात होता. दाखला मुलीचा निघत होता.

कॅमेरे दोन लाख दहा हजारांचे. त्याआधी दर मंगळवारी एक ताई यायच्या. मुलामुलींना एकत्र बसवून नकार कसा द्यावा आणि कसा पचवावा, मैत्रिणीचा फोन तपासणे म्हणजे प्रेम का नव्हे, हे बोलायच्या. वर्षाचे मानधन छत्तीस हजार. वर्षअखेरीस त्यांच्या अहवालात ‘गंभीर प्रकार : शून्य’ असे आले. अंदाजपत्रकात कात्री कुठे लावायची हा प्रश्न निघाला, तेव्हा याच भाऊसाहेबांनी ताईंच्या मानधनाच्या ओळीवर पेन्सिलीची रेघ मारली होती. काही घडतच नाही, तर खर्च कशाला? शून्य दिसले की रकाना बंद करायचा, ही हाताची जुनी खोड. ते शून्यच तर छत्तीस हजारांत मिळत होते! प्लास्टरकडे पाहताना त्यांचे कान तापले. पहिला राग स्वतःचाच होता.

“सर, भिंतीवरचं हे आग विझवायचं नळकांडं आपण दरवर्षी भरून घेतो. आग लागली कधी?”

“पुराण लावू नका. लिहा.”

भाऊसाहेबांनी लिहिले, त्यांच्या त्या घोटीव अक्षरात: ‘शाळेत मुलगी सुरक्षित नाही.’

“डोकं फिरलंय का?” मुख्याध्यापक ताडकन उठले. “खोडा ते! निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, मेमो घेऊन घरी जायचंय? आणि पोरीच्या दाखल्यावर हा डाग?”

“तिच्यावर कसला डाग, सर?” वडील म्हणाले. “घरगुती काय झालंय? घर शाबूत आहे आमचं.”

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “यांनी लिहिलंय तेच राहू दे.”

“ऐकलंत?” वडील मुख्याध्यापकांकडे वळले. “करा सही. नाहीतर कॅमेऱ्यातलं तुमच्या वरच्या साहेबांपुढे मांडतो.”

मुख्याध्यापकांनी सही केली ती कागद फाटेल अशी. मग दाखला मिळाल्याची नोंदवही त्यांनीच पुढे ढकलली.

“अंगठा घ्या तिचा. उशीर होतोय.”

“तिला लिहिता येतं,” भाऊसाहेब म्हणाले.

मुलीने पेन डाव्या हातात घेतले. वही सरकू लागली, तशी भाऊसाहेबांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. वाकडे, थरथरते एकेक अक्षर उमटत गेले. शेवटची मात्रा पडेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.