उलटी घडी

नागप्पांनी चिमटीतला तीळ खळीवर ठेवला, बोटानं दाबला आणि बोट उचललं, तर तीळही बोटासोबत वर आला. सकाळपासून हे असंच चाललं होतं. ड्रॉइंगच्या जाड कागदावर पेन्सिलीनं काढलेलं सुगड तिळांनी भरायचं होतं. ते जेमतेम अर्धं भरलं होतं आणि बाकीचे तीळ धोतरावर, सतरंजीवर आणि मिशीत होते.

बत्तीस वर्षं तहसिलीत कारकुनी केलेल्या माणसाला कागद दुमडायला शिकवावं लागावं, याची त्यांची त्यांनाच गंमत वाटत होती. शिकवणाऱ्या होत्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पंचशीलाबाई. मुखेडहून बदलून आलेल्या शिक्षिका. शाळेत त्या मुलींकडून संक्रांतीची भेटकार्डं करून घेत. चार दिवसांपूर्वी नागप्पा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले होते आणि कागद मिळेल का, असं अवघडून विचारलं होतं. कुणासाठी, ते सांगितलं नव्हतं.

बायको नीलम्मा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला होता. यंदाही पाऊस दगा देऊन गेला होता, आणि दिवसाआड टँकर आला की गल्लीत जो आरडाओरडा व्हायचा, तेवढाच काय तो माणसांचा आवाज नागप्पांच्या कानावर पडे. त्यांना फार एकटं वाटे. पण हे बोलून दाखवावं, असं एकच माणूस आता उरलं होतं, आणि त्या माणसानं दहा वर्षांत त्यांच्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं.

ती त्यांची धाकटी बहीण महादेवी, बिलोलीला दिलेली. बहात्तरच्या दुष्काळात आई याच घरात गेली. नागप्पा तेव्हा दुष्काळी कामांच्या हजेरीपटांत गळ्यापर्यंत बुडालेले. बिलोलीला माणूस पाठवायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी कचेरीतच बसून एक पोस्टकार्ड लिहिलं. आईचे काल निधन झाले, कळावे. ते पाचव्या दिवशी पोचलं. महादेवी आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिनं उंबऱ्याबाहेरूनच त्यांच्याकडे पाहिलं होतं.

"माणूस धाडायचा सोडून कागूद धाडलास," एवढंच म्हणाली आणि तशीच परत फिरली.

आता पुन्हा कागदच पाठवायचा होता, पण निदान हातानं केलेला. काय लिहावं, ते मात्र सुचेना. नागप्पा कच्च्या कागदावर लिहून बघत आणि प्रत्येक वेळी मजकुराला कचेरीचा वास येई. कालच्या मजकुराची सुरुवातच 'कळविण्यात येते की' अशी झाली होती. त्यांनी तो टराटरा फाडला होता.

संध्याकाळी पंचशीलाबाई कार्ड बघायला आल्या. सुगड बघून हसू दाबत म्हणाल्या, टँकरसारखं दिसतंय, पण चालेल. मग कार्ड उघडायला त्यांचं बोट उजव्या कडेला गेलं आणि अडलं. उजवीकडे घडी होती.

"अप्पा, हे उलटं झालंय की. मागच्या पानावर चितर काढलंत."

नागप्पांनी कार्ड हातात घेतलं. त्यांना ते अगदी सुलटं वाटत होतं. मग उलगडा झाला. निजामाच्या अमलात त्यांची सगळी शाळा उर्दूतून झाली होती, उर्दू पुस्तकं डावीकडून उघडतात, आणि हातानं पुस्तकाची तीच बाजू लक्षात ठेवली होती. बाईंनी नवा कागद पुढे केला. तो त्यांनी घेतला, पण पुन्हा तीळ चिकटवायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच उलटं कार्ड पाकिटात घालून ते पोस्टात गेले. पाकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता लिहिताना सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहून बसले. लातूरचा जिल्हा होऊन पाच महिने झाले होते. खोडून नीट केलं. खिडकीतल्या माणसानं पाकीट हातात घेऊन हलवलं, तर आत तीळ खुळखुळले.

"शिक्का बसला की ह्याचा चुरा व्हतोय, मालक. हातोहात नेता आलं तर बघा."

नागप्पा पाकीट घेऊन पायरीवर उभे राहिले. घरी जायचा रस्ता डावीकडे होता. बराच वेळ ते तिथंच उभे होते. मग ते उजवीकडे, एस. टी. स्टँडकडे वळले.

उदगीरला आणि देगलूरला गाडी बदलून ते बिलोलीला पोचले, तेव्हा उन्हं कलली होती. महादेवी ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होती. केस पार पिकले होते. तिनं मान वर केली, पण ये म्हणाली नाही. नागप्पांनी पाकीट पुढे धरलं.

तिनं पदराला हात पुसून कार्ड बाहेर काढलं. सुगडावर अंगठा फिरवला. मग तिचं बोट सरळ डाव्या कडेला गेलं आणि कार्ड उघडलं, जराही न अडखळता. लहानपणी गावात मुलींची शाळा नव्हती. नागप्पांनीच तिला आपल्या उर्दूच्या पहिल्या पुस्तकावरून अक्षरं शिकवली होती, याच वेळेला, ओसरीवर बसून.

आतली दोन्ही पानं कोरी होती.

"लिहिलं तर काहीच न्हाईस, अण्णा."

"न्हाई. ह्या टायमाला मीच आलो."

महादेवीनं पाकीट तळहातावर उपडं केलं. गळालेले पंधरा-वीस तीळ हातावर पडले. तिनं ते बोटानं दोन बाजूंना सारले, निम्मे स्वतः तोंडात टाकले आणि निम्मे त्यांच्या हातावर ठेवले.

नागप्पांनी ते खाल्ले. तिळांना खळीची चव होती.