हक्कसोड

एकतीस वर्षं भाडं भरलेल्या दोन खोल्या माझ्या मालकीच्या होणार, अशी नोटीस वसाहतीच्या फळ्यावर लागली, तेव्हा मी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. अक्कल बघा माझी! नोटिशीचं दुसरं पान वाचायच्या आधीच वाटले.

दुसऱ्या पानावर पात्रता होती. भाडेकरूच्या नावे जिल्ह्यात दुसरं घर किंवा घरात हिस्सा नसावा. असेल तर तो अपात्र, आणि अपात्र माणसानं तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या. नवरा वारल्यापासून मी एकटीच. जाणार कुठं?

माझा हिस्सा होता. कोडोलीला, वडिलांच्या घरात. वडील गेल्यावर आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बहिणींनी भावांना हक्कसोडपत्रं लिहून दिली. रीतच आहे ती. न देणारी बहीण वाईट ठरते. पण माझा धाकटा भाऊ हंबीरराव तेव्हा म्हणाला होता, "आक्काचं नाव ऱ्हाऊ दे. घर तिचं बी हाय." उताऱ्यावरचं ते नाव मी वीस वर्षं दागिन्यासारखं मिरवलं.

वसाहतीच्या ऑफिसातली वर्षाराणी समजूतदार पोरगी. ती म्हणाली, "मावशी, भावाला हक्कसोड करून द्या. महिनाअखेर नोंदवलेला कागद आणलात, की तुम्ही पात्र."

गेले कोडोलीला. माहेरी आताशा माझं जाणं कमीच झालेलं. भाचा अमरसिंह चार-पाच वर्षांपासून माझ्याशी धड बोलत नव्हता. मी सोप्यात टेकले, की हा गाडीला किक मारून पसार. पोराला नोकरीची मस्ती चढली, असं मी म्हणायची.

हंबीररावनं सगळं ऐकून घेतलं आणि जमिनीकडं बघत बसला. माझं डोकं फिरलं.

"मूग गिळून काय बसलायस? फुकट हिस्सा मिळतोय, आन् तूच तोंड पाडतोस व्हय?"

"दुसरी वाट न्हाय काय, आक्का?"

"हाय की. रस्त्यावर बसते."

"तसं बोलू नगंस," तो म्हणाला. "कवा यायचं तेवढं सांग."

नोंदणीच्या दिवशी अमरसिंह स्वतः मला न्यायला आला. "आत्ती, पुढं बसा," म्हणाला. वाटेत रस पाजला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रक्ताचं नातं कितीही आटलं तरी पाझरतंच, असं म्हणत मी कागदावर अंगठे दिले, सह्या केल्या. राजीखुशीनं देताय ना, असं साहेबांनी विचारलं. मी हो म्हणाले. हंबीररावनं सही करायच्या आधी चष्मा दोनदा पुसला. वय झालं त्याचंही, असं मला वाटलं.

बाहेर आलो, तर अमरसिंह पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता.

"झालं काम. आत्तीची आडकाठी सुटली. गिऱ्हाइकाला उद्या घर दावाय आणा. वडलांचं काय न्हाय, त्येंची सही मी घेतो."

मी भावाकडं वळले. "घर इकतोय त्यो?"

"पुण्यात फ्लॅट घ्यायचाय त्येला. पाच वर्सं मागं लागलाय. पोटच्या पोराला न्हाय म्हणाय माझी जीभ रेटना. मग म्हणत आलो, आक्का सही देत न्हाय, मी काय करू?"

म्हणजे पाच वर्षं मी त्या पोराच्या नजरेत वैरीण होते, आणि त्याच जोरावर माझा भाऊ स्वतःच्या घरात झोपत होता. ते घर आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, मी माझ्या हातानं मोकळं करून दिलं होतं. मला तिथंच, लोकांदेखत रडू फुटलं.

"हंबीर, त्या दिशी का बोलला न्हाईस रं?"

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बोललो असतो, तर तू सही केली असतीस व्हय?"