घडी घालणे

…आणि तो निळा स्वेटर, बाह्या पाठीमागे दुमडलेला, अर्ध्या उघड्या बॅगेच्या कडेवर — आत जाणारा की बाहेर आलेला, काही कळेना. सकाळी लेकीच्या खोलीवरून जाताना त्याला एवढंच दिसलं होतं, आणि आता शब्दकोशाच्या कार्यालयात, तपासायची मुद्रितं समोर पसरलेली असताना, मन पुन्हा तिथंच. नवऱ्याशी बिनसून ती माहेरी आली त्याला महिना होऊन गेला. संसाराची घडी विस्कटली, असं शेजारी म्हणत. तो म्हणत नसे. ती राहणार की परत जाणार, हे विचारायचं धाडस मात्र शब्दांवर पोट भरणाऱ्या या माणसाला होत नव्हतं.

त्यात आज वाट्याला नेमकं ते लॅटिन क्रियापद — प्लिकारे, घडी घालणे. फ्रेंचांनी इमानदारीत घडीच ठेवली. स्पॅनिशमध्ये त्याचं झालं येऊन पोहोचणे — बंदर आलं की खलाशी शिडं गुंडाळत, म्हणून म्हणे. आणि रुमानियनमध्ये निघून जाणे — तंबू गुंडाळले की सैन्य निघालंच. एकाच आईची लेकरं, आणि तोंडं अशी दोन दिशांना…

“काका, झोप झाली नाही वाटतं,” पलीकडच्या टेबलावरची मुद्रितशोधक हसत म्हणाली. “रुमानियनपुढं तुम्ही ‘येणे’ लिहिलंय.”

खरंच लिहिलं होतं. बायको होती तोवर दारात ‘जातो’ म्हणायची सोय नव्हती. ‘येतो म्हणा’ असं ती आतून ओरडायची, आणि तो जन्मभर येतो म्हणत जात राहिला… ती स्वतः मात्र काहीच न म्हणता गेली. त्यानं ‘येणे’ खोडलं, पण अगदी जिवावर आलं.

संध्याकाळी लेक धुतलेली चादर घेऊन उभी होती. “बाबा, ते टोक धरा जरा. एकटीला जमत नाही.”

त्यानं टोक धरलं. “तू…”

“ठरत नाही हो, बाबा. रोज बॅग भरते, रोज उपसते.”

“बरं,” तो म्हणाला, आणि या ‘बरं’खाली गिळलेला प्रश्न नव्हता. चादर दुमडत दोघं जवळ आली. महिनाभर मनात मुठीत धरल्यासारखं आवळलेलं ‘राहा’ सैल होत होतं — राहिली तर आवडेलच, पण निघाली तरी आपल्याला हसत दारापर्यंत जाता येईल, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटतंय, याचंच त्याला कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.